माणसात येणे

"सॅच्युरेशन ब्याण्णव हाय म्हंतात, पन मानूस ठिकानावर नाई."

एप्रिल २०२१ मध्ये मामीने हे वाक्य फोनवर सांगितले आणि मी त्याचा पहिला अर्धाच ऐकला. ब्याण्णव म्हणजे काळजीचे असले तरी हातातले आहे, असे काहीतरी बोलून तिला धीर दिला. उरलेल्या अर्ध्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसांत ज्या गोष्टीला आकडा नव्हता, तिला कोणाकडेच उत्तर नव्हते.

मामा वरवट बकालचा. कापूस आणि तूर पिकवणारा, साठी ओलांडलेला. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण ऑक्सिजनची गरज वाढत गेली तसे त्याला पूर्णा ओलांडून शहरातल्या एका कोविड रुग्णालयात हलवले. चौथ्या रात्री तो म्हणू लागला की पलंगाखाली वासरू बांधले आहे, ते कोणी तरी सोडा. पांढऱ्या झग्यांतली, तोंड झाकलेली माणसे आपला कापूस न्यायला आली आहेत, अशी त्याची खात्री पटली. भर उन्हाळ्यात 'खळ्यात पानी शिरलं' म्हणून उठू पाहायचा. एका रात्री त्याने नाकावरचा मास्क ओढून काढला, तेव्हा त्याचे हात बँडेजच्या पट्टीने पलंगाला बांधले गेले. दिवसा मात्र तो कित्येकदा अगदी गप्प पडून असे. कोणाकडे पाहत नसे, विचारले तर बोलत नसे. वॉर्डातल्यांना वाटे, आज पेशंट शांत आहे, बरा आहे. हे सारे आम्हाला कळले ते शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या फोनवरून. मामी तेरा दिवस रुग्णालयाच्या फाटकाबाहेर होती.

चौदाव्या दिवशी तो घरी आला. कार्डावर लिहिले होते: ताप नाही, ऑक्सिजन समाधानकारक. घरी आल्यावर तो दिवसातून चारदा विचारी, कापूस विकला का. क्विंटलच्या भावाचा हिशेब आयुष्यभर तोंडी करणारा माणूस नोटा मोजताना मध्येच थांबून बोटांकडे बघत राही. वऱ्हाडात दुखण्यातून उठलेल्याला 'माणसात आला' म्हणतात. मामा वैशाखात घरी आला होता. माणसात यायला पोळा उजाडला.

मी डॉक्टर नाही. पण त्या वर्षानंतर या विषयावर जे हाती लागेल ते वाचत गेलो आणि माझे एक मत बनले, ते इथे मांडायचे आहे. कोरोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या मेंदूवर जे परिणाम झाले, त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा ओळखायला यंत्र लागत नव्हते, घरचे माणूस लागत होते. तो टाळायलाही बराच काळ घरचेच माणूस उपयोगी पडले असते. वरवट बकालसारख्या गावाकडे मज्जातज्ज्ञ नव्हता, एमआरआय नव्हते. जे होते ते माणूसच होते, आणि तेवढेच आपण फाटकाबाहेर बसवले.

आधी ही गोष्ट किती मोठी होती ते पाहू. वुहानमधल्या डॉक्टरांनी २०२० च्या एप्रिलमध्ये २१४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३६.४ टक्के रुग्णांत मज्जासंस्थेची काही ना काही लक्षणे होती. चक्कर आणि डोकेदुखीपासून वास-चव जाणे, शुद्ध हरपणे, पक्षाघात इथपर्यंत. त्यानंतर शिकागोतल्या दहा रुग्णालयांच्या एका साखळीने मार्च-एप्रिल २०२० मध्ये दाखल झालेल्या ५०९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आजाराच्या सुरुवातीलाच ४२ टक्क्यांना अशी लक्षणे होती आणि संपूर्ण आजारपणाचा काळ धरला तर ८२ टक्क्यांना. यात अंगदुखी आणि डोकेदुखीही मोजलेली आहे, त्यामुळे ८२ हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे असा आकडा त्याच अभ्यासात पुढे आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्णांच्या, म्हणजे ३१.८ टक्क्यांच्या, भानावर परिणाम झाला होता. गोंधळ, भ्रम, गुंगी, ओळख न पटणे. वैद्यकात याला एन्सेफलोपथी म्हणतात. ज्यांना ती झाली त्यांच्यातले २१.७ टक्के महिन्याभरात दगावले. ज्यांना झाली नाही त्यांच्यात हे प्रमाण ३.२ टक्के होते.

त्या डॉक्टरांनी आणखी एक मोजमाप केले, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. घरी जाताना रुग्ण आपले व्यवहार आपण सांभाळू शकतो का, हे त्यांनी पाहिले. ज्यांचे भान शाबूत राहिले होते त्यांच्यातले ८९.३ टक्के सांभाळू शकत होते. ज्यांचे सुटले होते त्यांच्यातले फक्त ३२.१ टक्के. फुप्फुसाचा आजार किती तीव्र होता हे हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. ही 'माणसात येण्या'चीच मोजणी आहे. आपल्या बोलीने जो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला, तोच शिकागोच्या डॉक्टरांनी तक्त्यात मांडला. आपल्या तक्त्यात मात्र तो रकाना नव्हता. केंद्र सरकारने ८ मे २०२० रोजी डिस्चार्जचे सुधारित धोरण काढले. सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला की घरी. मध्यम रुग्णाचा ताप गेला पाहिजे आणि बाहेरच्या ऑक्सिजनची गरज उरता कामा नये. साथीच्या ऐन भरात खाटा मोकळ्या करायच्या असतात, म्हणून धोरण असे असणे मी समजू शकतो. पण ते धोरण साथ ओसरल्यावरही आपल्या मनात कायम राहिले. जिल्ह्याच्या रोजच्या पत्रकात 'बरे होऊन घरी गेले' या शीर्षाखाली जी संख्या छापून येई, तिच्यात मामाही एक होता.

२०२१ च्या त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या घराघराने तीन नवे शब्द शिकले. सॅच्युरेशन, रेमडेसिविर आणि स्कोर. दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल राज्याला फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळनेच दिली होती, त्यामुळे हे शब्द वऱ्हाडात मुंबई-पुण्याइतक्याच लवकर रुळले. पारावर बसलेली माणसे 'त्याचा स्कोर किती आला' असे विचारत. पंचवीसपैकी किती, हे ऐकून तोंड गंभीर करत. छातीच्या त्या सीटी स्कॅनसाठी लोकांनी दागिने मोडले, वाहने केली, रांगा लावल्या. तेच यंत्र डोक्याचाही फोटो काढते, हे फार थोड्यांना कळले, आणि ज्यांना कळायला हवे होते त्यांनीही ते क्वचितच सांगितले. भ्रमासाठी या नव्या शब्दकोशात जागा नव्हती.

जुन्या कोशात होती. तापात माणूस 'बरळतो', त्याला 'वात होतो', 'भ्रम होतो' हे आपल्या आज्यांना माहीत होते. वात झालेल्याजवळ रात्री कोणी तरी बसायचे, दिवा मालवायचा नाही, त्याला नावाने हाक मारत राहायचे, ही रीत होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मराठी मुलखात 'मानमोडी' म्हणत. माणसे त्या आजाराला त्याने शरीराचे काय केले यावरून ओळखत होती. त्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडाइतकी माणसे हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कुठल्याच प्रांतात प्रमाणाने मेली नाहीत. त्याच सुमारास युरोपात झोपेच्या आजाराची, म्हणजे मेंदूला सूज येऊन माणूस महिनोन्‌महिने गुंगीत जाण्याची साथ पसरली. व्हिएन्नाचे फॉन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये तिचे वर्णन केले. इन्फ्लुएन्झाशी तिचा संबंध होता की नाही यावर शंभर वर्षे वाद चालला आहे. आणि नागपूरच्या चांदीपुऱ्याचे नाव तर थेट एका विषाणूला मिळाले. तो १९६५ मध्ये तिथल्या रुग्णांत सापडला. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत १८३ मुले मेंदूच्या विकाराने गेल्याची नोंद झाली. साथ आणि मेंदू यांचा संबंध आम्हा विदर्भातल्यांना तरी नवा वाटायला नको होता.

विषाणू मेंदूत शिरतो आणि मेंदू खातो, अशी एक भीती मध्यंतरी पसरली होती. तिला फारसा आधार मिळाला नाही. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कोरोनाने मरण पावलेल्या ४१ जणांचे मेंदू तपासले गेले. त्यांत विषाणूचे अंश फारच थोडे होते. सापडले ते प्राणवायूच्या तुटवड्याने झालेले नुकसान, बारीक रक्तस्राव, गुठळ्यांनी झालेले छोटे आघात आणि मेंदूतल्या पहारेकरी पेशींची खळबळ. म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात जे घडले ते शरीरभर चाललेल्या वादळाचे पडसाद होते. ऑक्सिजन खाली, ताप वर, रक्तातले सोडियम घसरलेले, स्टेरॉइडने साखर चढलेली, मूत्रपिंड थकलेले, औषधांचा मारा, आणि रात्रंदिवस जळणाऱ्या ट्यूबलाइटखाली झोप नाही. वास जाण्याचे कोडेही असेच उलगडले. विषाणू वासाच्या मज्जातंतूंना क्वचितच धरतो, धरतो तो त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना. म्हणून बहुतेकांना काही आठवड्यांत फोडणीचा वास पुन्हा येऊ लागला.

मूत्रपिंडाचा उल्लेख वर एका शब्दात आला, पण आमच्याकडे तो एका शब्दाचा विषय नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचे, बोअरचे पाणी खारे. किडनीच्या आजाराने माणसे गेली नाहीत असे गाव या पट्ट्यात शोधावे लागेल. नळयोजना आल्या, वान धरणाचे पाणी आले, पण ज्यांनी तीस-चाळीस वर्षे ते खारे पाणी प्यायले त्यांची मूत्रपिंडे काही परत आली नाहीत. शिकागोच्या अभ्यासात भान सुटलेल्यांच्या पूर्वेतिहासात जे जे जास्त आढळले त्या यादीत वाढते वय, मधुमेह, रक्तदाब यांच्याबरोबर मूत्रपिंडाचा जुना आजारही आहे. मामाचे क्रिएटिनिन आधीपासून चढलेले होते. त्याच्या गल्लीतल्या कितीजणांचे होते हे मामीला तोंडपाठ आहे. कोरोनात कोणाचा मेंदू आधी डगमगेल, याचा अंदाज खारपाणपट्ट्यात तपासणीआधी बांधता आला असता. गावाचे पाणी आणि गावाचे म्हातारपण या दोनच गोष्टी माहीत असायला हव्या होत्या, आणि त्या आशाताईंना नक्की माहीत होत्या.

आशाताईंचा विषय निघालाच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. पथके घरोघर गेली, कपाळावर तापमापक धरला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, मधुमेह-रक्तदाब विचारला. एवढे मोठे काम एवढ्या थोड्या दिवसांत दुसऱ्या कुठल्या यंत्रणेने केले नसते, आणि त्या बायांचे ऋण या राज्याने नीट मानलेले नाही. पण त्यांच्या हातातल्या कागदावर एक प्रश्न हवा होता: घरातले म्हातारे माणूस कालपरवापासून वेगळे वागते आहे का? अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, पासष्टीच्या पुढच्या ८१७ कोरोना रुग्णांचा अभ्यास त्याच वर्षी आला. त्यांतले २८ टक्के दारात आले तेव्हाच भ्रमात होते. त्या भ्रमातल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप, धाप यांसारखे ओळखीचे एकही लक्षण नव्हते. म्हणजे म्हातारीने सुनेला ओळखले नाही, एवढेच कोरोनाचे लक्षण होते. कपाळावरच्या तापमापकाला ते दिसणार नव्हते, सुनेला दिसत होते.

आता फाटकाकडे येतो. २०२१ च्या सुरुवातीला चौदा देशांतल्या ६९ अतिदक्षता विभागांतील २,०८८ कोरोना रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले ५४.९ टक्के रुग्ण डिलिरिअममध्ये, म्हणजे भ्रमात गेले होते. बेंझोडायझेपिन गटाची गुंगीची औषधे मिळालेल्यांत ही शक्यता वाढलेली होती. आणि घरच्यांची भेट झालेल्यांत, मग ती प्रत्यक्ष असो की व्हिडिओवर, ती सुमारे चौथाईने कमी होती. या एका निष्कर्षावर मी सगळा डोलारा उभा करणार नाही. भेटी कदाचित थोड्या बऱ्या रुग्णांनाच मिळाल्या असतील, असे कोणी म्हणू शकेल. पण हा धागा कोरोनाच्या फार आधीपासून चालत आला आहे. येल विद्यापीठाच्या शॅरन इनोय यांनी १९९९ मध्ये सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला प्रयोग या विषयातला मैलाचा दगड मानतात. त्यात नवे औषध नव्हते. रुग्णाशी बोलायचे, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे सांगत राहायचे, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी ठेवायचे, पाणी पाजायचे, उठवून चालवायचे, रात्री गोळीऐवजी कोमट दूध आणि शांतता द्यायची. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के म्हातारे भ्रमात गेले, या वॉर्डात ९.९. वाचताना मला राहून राहून वाटले, ही यादी तर मामीची आहे. तिला कोणी शिकवले नव्हते, पण आत सोडले असते तर तिने यापेक्षा वेगळे काय केले असते? तिने मामाचा चष्मा पिशवीतून आत पाठवला होता. तो पिशवीतच परत आला.

एक गोष्ट त्या परदेशी प्रयोगांत कधी लिहिली जात नाही, कारण तिथे तिची गरज पडत नाही. बोली. मामाला वॉर्डात कोणी विचारले असेल, तर शुद्ध मराठीत किंवा हिंदीत, मास्क आणि प्लास्टिकच्या ढालीआडून, घाईत. भ्रमातल्या माणसाला जगाशी बांधणारे जे दोर असतात त्यांत आवाज आणि बोली हा सर्वांत जाड दोर. चेहरा झाकलेला, आवाज अनोळखी, बोली परकी, भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी बंद. अशा जागी निरोगी माणूसही तिसऱ्या दिवशी वार विसरेल. त्यात प्राणवायू कमी. पांढऱ्या झग्यांतली माणसे कापूस न्यायला आली आहेत, हा मामाचा समज वेडाचा नव्हता. उरलेल्या थोड्या भानाने त्याने त्या दृश्याचा लावलेला तो अर्थ होता. भ्रमातही त्याने स्वतःजवळची सर्वांत मौल्यवान वस्तू धोक्यात पाहिली.

याला एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. नातेवाइकांना आत सोडले असते तर तेही आजारी पडले असते, त्यांनी आजार गावात नेला असता. २०२० च्या उन्हाळ्यात, संरक्षक पोशाख डॉक्टरांनाच पुरत नव्हते तेव्हा, हा आक्षेप बिनतोड होता. त्या वेळी दार बंद करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये तोच नियम तसाच उरावा याला कारण काय होते? तोपर्यंत घरटी एक माणूस कोरोनातून उठलेले होते. मामीला स्वतःला आदल्या सप्टेंबरात होऊन गेला होता. पोशाख मिळत होते. शिवाय दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ इतके तोकडे पडले की पुष्कळ ठिकाणी नातेवाईक वॉर्डात शिरलेच, रुग्णाला भरवू लागले, सिलिंडर बदलू लागले. म्हणजे नियम मोडला गेला तो अव्यवस्थेने, विचाराने नव्हे. विचाराने मोडला असता तर एका खाटेमागे एक, आजारातून उठलेले, पोशाख घातलेले, नोंद केलेले माणूस आत बसवता आले असते. ते दोन परिचारिकांचे कामही हलके करते आणि हात बांधण्याची वेळही पुष्कळदा टाळते. भ्रमातल्या रुग्णाचा हात बांधण्याऐवजी कोणी तरी तो धरून बसायला हवे, हे सांगायला एवढे अभ्यास का लागावेत, याचे मला वाईट वाटते.

सगळेच घरच्या माणसाने झाले असते असे मात्र नाही, आणि इथे मला माझ्याच मताला लगाम घालावा लागतो. कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होत होत्या, आणि गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. अशा वेळी साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन होऊन गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले तर मिळाले. वरवट बकालहून ते घड्याळ फार वेगाने पळते. जिल्ह्याचे ठिकाण बुलडाणा दूर, माणसे शेगाव, खामगाव करत अकोल्याला पोचणार. गिलियन-बारे झाले, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला केला, तर पायांपासून वर चढत येणारी दुबळीक श्वासापर्यंत पोचते आणि तिथे इम्युनोग्लोब्युलिनच लागते. हा आजार जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दूषित पाण्यामुळे पसरला तेव्हा सगळ्या राज्याला त्याचे नाव पाठ झाले. कोरोनातही तो झाला होता, महाराष्ट्रातल्या मज्जातज्ज्ञांनी त्याचे रुग्ण एकत्र करून शोधनिबंध लिहिला, पण नाव तेव्हा पसरले नाही. आणि २०२१ च्या मे महिन्यातली काळी बुरशी कोण विसरेल? चढलेली साखर, स्टेरॉइड, नाकातून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत चढणारी म्युकरमायकोसिस. ॲम्फोटेरिसिनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. या तिन्हींना रुग्णालय, यंत्र, औषध आणि रस्ता लागतो, तिथे माया कामाची नाही. पण इथेही पहिली खूण कोणाला दिसते? तोंड वाकडे झाले, चप्पल पायातून निसटते, एक डोळा सुजला, हे घरच्यांनाच. त्यांचे म्हणणे केसपेपरवर चढायला किती वेळ लागतो, यावर साडेचार तासांतला पहिला तास ठरतो.

आमच्या जिल्ह्यात अलीकडे एक गोष्ट घडली. २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुळासकट गळू लागले. आठवड्याभरात टक्कल. बातमी देशभर गेली, आयसीएमआरची पथके आली, पाणी, माती, रक्त, केस तपासले गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. हे सारे व्हायलाच हवे होते. पण तेव्हा मला सारखे वाटत राहिले की केस गळाले ते दिसले म्हणून पथक आले. त्याच पट्ट्यात २०२१ नंतर कितीजणांची आठवण पातळ झाली, कितीजण हिशेबाला कचरू लागले, कितीजणांनी पंचायतीतली, भजनी मंडळातली आपली जागा मुकाट्याने सोडली, हे मोजायला कोणी आले नाही. आणि असे होऊ शकते हे जगाला तोवर ठाऊक होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २,३६,३७९ कोरोना रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. सहा महिन्यांत त्यांतल्या ३३.६ टक्क्यांना मेंदूचा किंवा मनाचा काही आजार असल्याचे निदान झाले होते, अर्थात त्यांतल्या काहींना तो आधीपासूनचा होता. ब्रिटनमध्येच ७८५ जणांचे मेंदू साथीआधी आणि नंतर असे दोनदा स्कॅन झाले होते. ज्या ४०१ जणांना मध्यंतरी लागण झाली, त्यांच्यात वासाशी आणि आठवणीशी जोडलेले भाग सरासरीने थोडे अधिक आकसले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना रुग्णालयाची पायरीही चढावी लागली नव्हती. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या त्रासांवर मार्गदर्शिका काढली, तिच्यात मज्जासंस्थेचा भाग आहे. तो ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीपर्यंत पोचायला हवा होता.

पोचला असता तर तिथल्या तरुण डॉक्टरने नेमके काय विचारायचे, हाही प्रश्नच आहे. भ्रम ओळखण्याच्या एका सोप्या चाचणीत रुग्णाला वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात, आणि महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगतात. वरवट बकालच्या सत्तरीतल्या बाईला जन्मतारीख कोणी सांगितलेलीच नसते. ती चुकली तर मेंदू बिघडला असे ठरवायचे का? हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षर, खेडूत म्हाताऱ्यांसाठी हिंदीत चाचणी बेतली, ती याच अडचणीमुळे. आयसीएमआरने नंतर बुद्धीच्या तपासणीचा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांत तयार केला. त्या पाचांत मराठी नव्हती, मग वऱ्हाडी कुठून असणार! हे काम मराठी डॉक्टरांनी आणि मराठीच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून करण्यासारखे आहे. वय विचारायचे तर बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता असे विचारता येते. तारीख नको, पेरणी झाली का, हे विचारता येते. आणि महिने विचारायचे तर जानेवारी-डिसेंबर कशाला?

मी हे मामावरच करून पाहिले. २०२१ चा श्रावण होता, ओट्यावर बसलो होतो, मामी आत भाकऱ्या थापत होती. म्हटले, मामा, फाल्गुनापासून मागे मागे या. त्याने मान खाली घातली. फाल्गुन, माघ, पौष हे सरळ आले. मार्गशीर्षाला थोडा वेळ लागला. कार्तिक, अश्विन. भाद्रपदाशी तो थांबला. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता, आणि मी सांगू की नको या विचारात होतो. आतून तव्यावरचा हात न थांबवता मामी म्हणाली, "पोळा कवा असते?"

"श्रावनात," मामा म्हणाला. मग आषाढ, ज्येष्ठ, वैशाख.